बंद खाणींचे पाणी : जबाबदारी कोणाची?

कोळशाची खाण बंद झाली म्हणजे तिचा हिशेब संपला, अशी एक सोयीस्कर समजूत सार्वजनिक जीवनात रूढ झाली आहे. उत्पादन थांबते, यंत्रे दुसऱ्या खाणीवर जातात, कायम कामगारांच्या बदल्या होतात, कंत्राटी कामगार घरी बसतात आणि कामगार संघटनांच्या मागणीपत्रातून त्या खाणीचे नाव गळून पडते. मागे एक प्रचंड खड्डा आणि त्याच्या कडेला मातीदगडांच्या टेकड्या उरतात. पाऊस मात्र दर वर्षी त्यांच्यावर पडतच राहतो. ते पाणी कोणत्या नाल्याने कोणाच्या शेतात जाते, खड्ड्यात साठलेले पाणी कोणाच्या मालकीचे, आणि या साऱ्यावर देखरेख ठेवण्याचा खर्च कोणी सोसायचा, हे प्रश्न वरवर तांत्रिक वाटतात. म्हणूनच राजकीय पक्ष ते अभियंत्यांवर आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांवर सोपवून मोकळे होतात. वस्तुतः हा वाटपाचा प्रश्न आहे. कोळशाचा लाभ कोणी घ्यावा आणि त्याचा तोटा कोणाच्या पदरात पडावा, हा समाजवादी विचारातला जुनाच प्रश्न येथे पाण्याच्या रूपाने उभा आहे.

गाळतळ्याचे आयुष्य

विदर्भातील कार्यकर्त्यांना हे चित्र परिचयाचे आहे. नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या वेकोलिच्या, खाणी वर्धा, पैनगंगा, इरई आणि कन्हान या नद्यांच्या खोऱ्यांत पसरल्या आहेत. ओपनकास्ट खाणीत कोळशाच्या थरावरची माती, मुरूम आणि दगड आधी काढून बाजूला टाकावे लागतात. फोडलेला दगड मूळच्यापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे त्याच्या टेकड्या होतात. या टेकड्यांना गवताची वा झाडांच्या मुळांची पकड नसते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की त्यांच्यावरची माती ओघळून नाल्यात येते, नाल्यातून नदीत जाते, आणि पात्र उथळ झाले की पुराचे पाणी शेतात व वस्तीत शिरते. चंद्रपूर शहराला २००६, २०१३ आणि २०२२ मध्ये पुराने वेढले. इरईच्या काठावरील ढिगाऱ्यांनी पात्र आक्रसले आहे, ही तेथील नागरिकांची तक्रार जुनी आहे.

यावरचा उपायही जुना आणि साधा आहे. टेकडीच्या पायथ्याशी चर खणायचे, चरांतले पाणी गाळतळ्यात न्यायचे, तेथे ते काही काळ थांबू द्यायचे, म्हणजे गाळ तळाशी बसतो आणि निवळलेले पाणी सांडव्यावरून नाल्यात जाते. पर्यावरण मंजुरी देताना केंद्र सरकार अशी अट घालते की चरांची आणि तळ्यांची क्षमता अकस्मात पडणाऱ्या कमाल पावसाचा हिशेब करून त्याहून ५० टक्के अधिक ठेवावी आणि त्यांतला गाळ नियमितपणे उपसावा. सन २००० च्या केंद्रीय मानकांप्रमाणे कोळसा खाणीतून नाल्यात सोडलेल्या पाण्यात तरंगता गाळ लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. कागदावर यात फारसे उणे नाही.

परंतु गाळतळे ही एकदा बांधून विसरून जाण्याची वस्तू नव्हे. दर पावसाळ्यात ते भरत जाते. दोनचार वर्षे गाळ काढला नाही तर तळ्याचे मैदान होते आणि गढूळ पाणी त्याच्यावरून जसेच्या तसे पुढे निघून जाते. खाण चालू असते तोवर गाळ काढायला यंत्र असते, डिझेल असते, माणूस असतो आणि जाब विचारायला एक व्यवस्थापक असतो. खाण बंद झाली की यांतले काहीच उरत नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखालील संमतीपत्राची सारी रचनाही 'उद्योग चालवणे' या कल्पनेवर उभी आहे. उद्योग चालत नसताना पाणी चालूच राहते, ही साधी गोष्ट त्या रचनेच्या केंद्रस्थानी नाही.

जेथे खडकात गंधकयुक्त खनिज असते तेथे हवा आणि पाणी यांच्याशी संयोग होऊन आम्ल तयार होते, पाण्यात लोह विरघळते आणि नाल्याच्या तळाशी तांबूस साका धरतो. ही क्रिया एकदा सुरू झाली की ती दशकानुदशके चालू राहू शकते. भूमिगत खाणीत पंप थांबले की जुन्या बोगद्यांत पाणी चढत जाते आणि शेजारच्या चालू खाणीवर त्याचा दाब येतो. २७ डिसेंबर १९७५ रोजी झारखंडातील (तेव्हाच्या बिहारमधील) चासनाला खाणीत जुन्या, सोडून दिलेल्या कामांत साठलेले पाणी फुटून आत आले आणि ३७५ खाणकामगार प्राणास मुकले. २००१ मध्ये बागडिगी येथे तशाच रीतीने शेजारच्या बंद खाणीचे पाणी शिरून २९ कामगार गेले. बंद खाण ही मेलेली खाण असते, या समजुतीची किंमत कामगारवर्गाने अशी मोजली आहे.

अमेरिकन कायद्याची शिकवण

या प्रश्नावर सर्वांत तपशीलवार कायदा ज्या देशाने केला, तो देश खाजगी भांडवलाचे माहेरघर समजला जाणारा अमेरिका. त्या कायद्याचा इतिहास म्हणूनच उद्बोधक आहे. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी पश्चिम व्हर्जिनिया राज्यातील बफेलो क्रीक या दरीत कोळसा धुतलेल्या पाण्याचा आणि कचऱ्याचा बांध मोठ्या पावसानंतर फुटला. १२५ माणसे मेली, चार हजारांहून अधिक बेघर झाली. कंपनीने ही 'परमेश्वराची करणी' असल्याचे सांगितले. राज्याने कंपनीविरुद्ध १० कोटी डॉलरचा दावा लावला आणि १९७७ मध्ये राज्यपालाने पद सोडण्याच्या आधी तो १० लाख डॉलरवर मिटवला. खाणींच्या नियमनाचे विधेयक राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी दोनदा नाकारले होते. शेवटी ३ ऑगस्ट १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांची त्यावर सही झाली. दरीतल्या प्रेतांनी आणि खाणपट्ट्यातल्या जनतेच्या दीर्घ आंदोलनाने हा कायदा मिळवला, तो कोणाच्या औदार्यातून आला नाही.

त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. खाण उघडण्यापूर्वीच कंपनीला जमीन पूर्ववत करण्याच्या खर्चाइतके तारण ठेवावे लागते. खड्डा भरून, जमिनीला उतार देऊन पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था झाली की त्यातला ६० टक्क्यांपर्यंतचा भाग सुटतो. हिरवळ रुजली की आणखी काही, आणि उरलेला भाग त्यानंतर पाच वर्षे, कमी पावसाच्या प्रदेशात दहा वर्षे, थांबून. गाळतळे शेवटची पेरणी झाल्यावर किमान दोन वर्षे काढता येत नाही. ते सरासरी दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या चोवीस तासांच्या पावसाला पुरे पडेल असे बांधावे लागते. तळे कायमचे ठेवायचे असेल तर बांधाची मजबुती, पाण्याची प्रत आणि पुढचा उपयोग सिद्ध करावा लागतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की पाणी सोडण्याचा परवाना कोळसा थांबल्याबरोबर संपत नाही. तारण सुटेपर्यंत तो चालू राहतो, आणि त्या काळासाठी बसणाऱ्या गाळाची, लिटरमागे अर्धा मिलिलिटर अशी, वेगळी मर्यादा घातलेली आहे. १९७७ पूर्वी सोडून दिलेल्या खाणींसाठी चालू खाणींच्या दर टनावर ३५ सेंट (भूमिगत खाणीसाठी १५ सेंट) शुल्क बसवून स्वतंत्र निधी उभारला गेला.

असे असूनही या कायद्याला भगदाड पडलेच. भक्कम समजल्या जाणाऱ्या कंपन्यांना रोख तारणाऐवजी स्वतःच स्वतःची हमी देण्याची मुभा होती. २०१५-१६ मध्ये अल्फा, आर्च आणि पीबॉडी या बड्या कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीच्या न्यायालयात गेल्या, तेव्हा त्या हमीची किंमत काय हे उघड झाले. २०१९ मध्ये ब्लॅकज्युएल ही कंपनी बुडाली आणि केंटकीतील हार्लन परगण्यात कामगारांनी थकलेल्या वेतनासाठी कोळशाची मालगाडी रुळांवर बसून अडवून धरली. वेतन बुडवणारा मालक गाळतळ्याची देखभाल करील, अशी अपेक्षा कोणी करावी? खाजगी भांडवल नफा वर्तमानात घेते आणि दायित्व भविष्यावर ढकलते. भविष्य येऊन ठेपते तेव्हा ते जागेवर नसते. कायदा कितीही काटेकोर असला तरी पैसा आधी आणि रोखीत घेतला नसेल तर तो कायदा पांगळा ठरतो.

राष्ट्रीयीकरण पुरेसे ठरले काय?

येथे समाजवादी कार्यकर्ता सहज म्हणेल की म्हणूनच खाणी राष्ट्राच्या मालकीच्या हव्यात. ते खरेच आहे. तथापि या उत्तरापाशी थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधील ॲबरफॅन येथे झऱ्यावर रचलेली कोळसा-कचऱ्याची टेकडी पावसाने भिजून शाळेवर कोसळली. १४४ जीव गेले, त्यांत ११६ मुले होती. ती खाण राष्ट्रीय कोळसा मंडळाची, म्हणजे ब्रिटिश जनतेच्या मालकीची होती. उरलेल्या टेकड्या हटवण्याचा सगळा खर्च मंडळाने उचलला नाही. मजूर पक्षाच्याच सरकारने आपद्ग्रस्तांसाठी जमलेल्या निधीतून त्यासाठी दीड लाख पौंड घेतले, आणि ते १९९७ मध्ये परत केले गेले.

भारताचा अनुभव निराळा नाही. १ मे १९७३ रोजी कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली. खाजगी खाणमालकांच्या बेबंद लुटीला त्यामुळे आळा बसला आणि खाणकामगाराला माणसासारखे वेतन मिळू लागले, हे निर्विवाद आहे. परंतु खाण कशी बंद करावी याची मार्गदर्शक सूत्रे केंद्र सरकारने २७ ऑगस्ट २००९ रोजी काढली. राष्ट्रीयीकरणानंतर छत्तीस वर्षांनी! २००९ पूर्वी बंद पडलेल्या खाणींसाठी वेगळी सूत्रे निघायला २०२२ साल उजाडले. मधल्या काळात सोडून दिलेल्या खड्ड्यांचा आणि ढिगाऱ्यांचा भार खाणीशेजारच्या गावांनी मुकाट्याने वाहिला.

२००९ च्या सूत्रांनी ओपनकास्ट खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये राखीव खात्यात टाकण्याचा दर ठरवला आणि या रकमेत वर्षाला ५ टक्के चक्रवाढ धरली. तत्त्व योग्य आहे, हिशेब मात्र तपासला पाहिजे. ५ टक्क्यांनी ६ लाखांचे तीस वर्षांत सुमारे २६ लाख होतात. मजुरी, डिझेल आणि यंत्रे यांचा खर्च वर्षाला ७ टक्क्यांनी वाढला असे धरले, तर तेच काम सुमारे ४६ लाखांचे होते. हेक्टरी २० लाखांची ही तूट भरून कोण काढणार? उत्तर लेखी कोठे नसते, पण शेजारच्या गावाला ते पाठ असते.

अर्थशास्त्रातील प्रचलित हिशेबपद्धतीच या अन्यायाला हातभार लावते. दहा टक्के दराने तीस वर्षांनंतरच्या १०० रुपयांची आजची किंमत अवघी ५ रुपये ७३ पैसे भरते. प्रकल्प अहवालात भविष्यातला गाळ, भविष्यातले आम्ल आणि भविष्यातला पूर अशा रीतीने जवळपास फुकट होऊन जातात. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्येच खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चांवर ग्रंथ लिहून दाखवले होते की उद्योगाच्या वहीत न लिहिलेला खर्च नाहीसा होत नाही, तो दुर्बलांच्या अंगावर टाकला जातो. सार्वजनिक उद्योगाने नफ्यातोट्याची तीच वही वापरली तर त्याचे फळही तेच मिळते. मालकी बदलली, पण वही बदलली नाही, असे येथे घडले आहे.

पूर्व विदर्भाला याचा एक जुना धडा माहीत आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतील मालगुजारी तलाव शेकडो वर्षे गावांनी राखले. मालगुजारी गेली हे सर्वस्वी योग्य झाले. परंतु तलाव सरकारजमा होताना त्यांच्या पाळीची, सांडव्याची आणि गाळ काढण्याची जबाबदारी नेमकी कोणाची हे धडपणे ठरले नाही. मालक गेला, राखणदार आला नाही, आणि कित्येक तलाव गाळाने भरले. सामाजिक मालकीला सामाजिक राखणदारीची जोड नसेल तर संपत्ती निर्नायकी होते. बंद खाणींचे जलाशय आज त्याच वाटेवर आहेत.

निकड का वाढली?

या प्रश्नाची निकड आता वाढली आहे. ज्या १९७३ च्या अधिनियमाने खाणी राष्ट्राच्या झाल्या, तो इतर कालबाह्य ठरवलेल्या कायद्यांच्या गठ्ठ्यात बांधून जानेवारी २०१८ मध्ये रद्द झाला आणि त्याची फारशी चर्चाही झाली नाही. जून २०२० मध्ये खाजगी कंपन्यांसाठी व्यापारी खाणकामाचे लिलाव सुरू झाले. वीसपंचवीस वर्षांनी यांतल्या खाणी बंद पडतील तेव्हा अमेरिकेत जे घडले ते येथे घडणार नाही, अशी खात्री कोण देऊ शकेल? वेकोलि निदान नागपुरातल्या कार्यालयात सापडते. दिवाळखोर कंपनी कोठे शोधायची?

जमिनीचाही प्रश्न याला जोडलेला आहे. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र अधिनियमाखाली घेतलेली जमीन कोळसा संपल्यावर मूळ शेतकऱ्याला परत करण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कोळसा संपलेल्या जमिनी कोळसा व ऊर्जाविषयक प्रकल्पांसाठी वापरण्याचे धोरण मंजूर केले. म्हणजे जमीन देताना शेतकरी राष्ट्राच्या गरजेपुढे मान तुकवतो आणि ती गरज संपली की दुसरी गरज रांगेत उभी असते.

पाण्याला मात्र किंमत आहे, हे कंपन्यांना पुरते उमगले आहे. नागपूरजवळच्या पाटणसावंगी येथे खाणीतले पाणी शुद्ध करून 'कोल नीर' या नावाने बाटल्यांत भरले गेले. छत्तीसगडमध्ये बिश्रामपूरजवळ केनापारा येथे जुन्या ओपनकास्ट खाणीच्या जलाशयात मत्स्यपालन आणि नौकाविहार सुरू झाला आणि महिला बचतगटांना त्यातून काम मिळाले. अशा प्रयत्नांचे स्वागतच केले पाहिजे. पण जाहिरातीच्या छायाचित्रातले एक तळे दाखवून बाकीच्या खड्ड्यांकडे दुर्लक्ष करता येणार नाही. उभ्या कड्यांचा, उतार न दिलेला, कुंपण नसलेला खड्डा हा तलाव नव्हे, तो मुलांसाठी आणि गुरांसाठी सापळा आहे.

कोणत्या मागण्या घ्याव्यात?

केवळ निषेधाने हा प्रश्न सुटणार नाही. खाणपट्ट्यातील कार्यकर्त्यांनी काही निश्चित मागण्या हाती घेतल्या पाहिजेत.

पहिली मागणी अशी की पाणी सोडण्याची संमती आणि तिच्या अटी उत्पादन थांबल्याच्या दिवशी संपू नयेत. बाहेर जाणारे पाणी सलग काही पावसाळे मानकांत बसते हे सिद्ध होईपर्यंत खाणधारक जबाबदार राहिला पाहिजे, मग तो सरकारी असो वा खाजगी. खाजगी कंपनीकडून तारण रोखीत आणि खाण उघडण्यापूर्वी घ्यावे. स्वतःची हमी चालणार नाही.

दुसरी मागणी हिशेबाची. प्रत्येक खाणीच्या राखीव खात्यात किती रक्कम आहे, कोणते गाळतळे केव्हा उपसले, पाण्याच्या तपासणीत काय आढळले, हे दर वर्षी पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेपुढे मराठीत मांडले गेले पाहिजे. ज्यांच्या शेतात गाळ येतो त्यांना वही पाहण्याचा पहिला हक्क आहे.

तिसरी मागणी जुन्या खाणींच्या निधीची. पैसा नाही ही सबब कोणी ऐकून घेऊ नये. कोळशावर २०१० मध्ये टनामागे ५० रुपये उपकर बसला, २०१६ मध्ये तो ४०० रुपयांवर गेला. तो स्वच्छ ऊर्जेच्या नावाने बसला होता. २०१७ नंतर तो वस्तू व सेवा कराच्या भरपाईकडे वळवला गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये रद्द झाला. इतकी वर्षे टनामागे शेकडो रुपये गोळा होत असताना जुन्या खाणींसाठी त्यातला निश्चित वाटा राखला गेला नाही. २०२४-२५ मध्ये देशात १०० कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला. टनामागे केवळ १० रुपये वेगळे काढले तरी वर्षाला हजार कोटी जमतात. शिवाय २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे रॉयल्टीच्या प्रमाणात पैसा येत आहे. तो नाल्यांच्या आणि तळ्यांच्या दुरुस्तीवर किती खर्च होतो, हे लोकांनी विचारले पाहिजे.

चौथी मागणी राखणदारीची. ज्या खड्ड्यांचा उतार, सांडवा आणि पाण्याची प्रत तपासून ते सुरक्षित ठरले असतील, त्यांच्या वापराचा हक्क ग्रामसभेला आणि मच्छीमार सहकारी संस्थांना मिळावा. ढीवर आणि भोई समाजाचा पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. मात्र हक्काबरोबर आम्लाचे आणि बांध फुटण्याचे दायित्व गावाच्या गळ्यात मारले जाऊ नये. ते खाणधारकाकडेच राहिले पाहिजे. चर साफ करणे, गाळ काढणे, झाडे जगवणे, पाणी तपासणे ही वर्षानुवर्षांची कामे आहेत. खाण बंद झाल्यावर घरी बसवलेल्या कंत्राटी कामगारांना त्यांवर पहिला अधिकार असावा.

कामगार संघटनांनी येथे पुढाकार घेतला पाहिजे. शेतकऱ्याला पर्यावरणवादी आणि कामगाराला विकासवादी ठरवून दोघांत झुंज लावणे व्यवस्थापनाला नेहमीच सोयीचे असते. चासनालातील कामगार आणि इरईकाठचा शेतकरी एकाच पाण्याचे बळी आहेत, हे दोघांनाही पटवून देण्याचे काम पक्षाच्या कार्यकर्त्यांचे आहे.

कोळशाचे युग आज ना उद्या संपेल. त्या युगाने रेल्वे चालवली, शहरे उजळली, कारखाने उभे केले. त्याची शिल्लक म्हणून विदर्भाला काय मिळणार, हे मात्र खाणी चालू असतानाच ठरवावे लागेल, कारण त्या बंद झाल्यावर दार ठोठावायला दारच उरत नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एका तरी बंद खाणीचे चर, गाळतळे आणि सांडवा प्रत्यक्ष पाहून त्याची नोंद करावी आणि ती नोंद ग्रामसभेत वाचावी. चळवळीचा आरंभ एवढ्या साध्या कामानेही होऊ शकतो.